रोमन ट्युनिक: रुंदी आणि काठ सांभाळून

पहिल्या शतकातल्या रोमन पुरुषाची ट्युनिक, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल अंगरखा, अंगासरशी बेतू नये. ती रुंद आयतच ठेवायची. चुण्या आणि दंडावर ओघळणारी बाही त्या रुंदीतूनच येतात. हात पसरून कोपरापासून कोपरापर्यंत मोजा. मध्यम बांध्याला सुमारे 100 सेंमी भरतं.

शुद्ध लोकरीचं, चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅम वजनाचं कापड घ्या: 150 सेंमी पन्हा, 2.5 मीटर. कडेचा धागा जाळून पाहा. केस जळाल्याचा वास येऊन राख चुरडली तर लोकर. कडक मणी झाला तर पॉलिएस्टरची भेसळ, आणि ती शेकोटीजवळ घातक. कापण्याआधी कोमट पाण्यात धुऊन सपाट वाळवा, नाहीतर आटणं शिवल्यानंतर होतं.

मूळ ट्युनिक मागावर आडवी विणली जाई. अंगावर ताणा (मागावर ताणलेले धागे) आडवा, बाणा (त्यांतून विणलेले धागे) उभा आणि कापडाचा काठ थेट खालच्या घेराला. म्हणून पन्ह्याची दिशा उंचीला घेऊन 100 बाय 115 सेंमीचे दोन तुकडे कापा. काठ खाली ठेवा. तिथे दुमडायची गरजच नाही. वरची कड मात्र दुमडून तुरपून घ्या.

उभे जांभळे पट्टे, म्हणजे क्लावी, मुळात विणीतलेच असत. रुंद पट्टा सिनेटरचा (रोमच्या राज्यसभेच्या सदस्याचा), अरुंद त्याखालच्या श्रीमंत अश्वारोही वर्गाचा. वेगळे लावायचे तर 5 सेंमीच्या चार पट्ट्या त्याच दिशेने कापा, दोन्ही कडा दुमडून 3 सेंमी करा आणि खांदे जोडण्याआधी शिवा. तिरप्या कापलेल्या पट्ट्या ताणल्या जाऊन आखडतात. खऱ्या शिंपल्यांचा जांभळा फार महाग. त्या काळीही लाल आणि निळ्या रंगात बुडवून त्याची नक्कल करत.

गळ्यासाठी मधोमध 32 सेंमी फट सोडून दोन्हीकडचे खांदे मेणलावल्या तागाच्या दोऱ्याने उलट्या टाक्यांनी शिवा. गोल गळा कापू नका, तो सैल पडतो. फटीची टोकं डोकं घालताना आधी उसवतात, तिथे काज-टाके दाट घाला. बाजू खालून वर शिवत या आणि वरचे 30 सेंमी हातांसाठी उघडे ठेवा.

कमरपट्टा बांधून कापड त्यावर ओढा. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनच्या मते नागरिकाची ट्युनिक पुढून गुडघ्याच्या थोडी खाली, मागून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत हवी. त्याहून आखूड सेंच्युरियनची, म्हणजे रोमन सैन्यातल्या तुकडीच्या अधिकाऱ्याची. सैनिक साकारायचा असेल तर तुकडे आखूड कापू नका, कमरपट्ट्यावरून जास्त कापड ओढा.