पाय-होल लावूनही जाहिराती दिसतात? या चुका टाळा

नात्यातल्या आणि आमच्या सोसायटीतल्या मिळून बऱ्याच घरांत मी पाय-होल, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांवरच्या जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम, लावून दिलाय. कुठे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर (पुढे नुसतं 'पाय'), कुठे माळ्यावर धूळ खात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकून. लावायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर फोन येतात ते मात्र वर्षानुवर्षं त्याच चार-पाच चुकांचे, आणि खरं सांगते, आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. पान उघडलं की तुमचा ब्राउझर प्रत्येक नावाचा पत्ता डीएनएसला, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. बातमीच्या साइटचा विचारतो, तसाच जाहिरात पाठवणाऱ्या सर्व्हरचाही. पाय-होल त्या दुसऱ्या प्रश्नाला ०.०.०.० असं उत्तर देतो, म्हणजे पत्ताच नाही, आणि जाहिरात उतरतच नाही. इतकंच त्याचं काम. घरातलं एखादं यंत्र पत्ता भलतीकडे विचारत असेल, तर पाय-होलला ते कळतही नाही. दहातल्या आठ तक्रारींचं मूळ इथेच असतं, आणि लोक मात्र ब्लॉकलिस्टा, म्हणजे अडवायच्या नावांच्या याद्या, वाढवत बसतात.

राउटरमध्ये दुसरा डीएनएस भरून ठेवणं

ही माझ्या यादीतली पहिली चूक. राउटरच्या पानावर दोन रकाने असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. पहिल्यात पाय-होलचा पत्ता, दुसऱ्यात 'असू दे, बंद पडलं तर' म्हणून गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८. दिसायला शहाणपणाचं दिसतं, पण तेवढ्याने सगळी मेहनत पाण्यात जाते.

सांगलीला मामांकडे हेच झालं. मामांचा फोन आला, "अगं, सकाळी पेपर उघडला की कसा स्वच्छ दिसतो. दुपारी तोच उघडला की परत सगळं जाहिरातींचं जंजाळ." मी ठाण्याहून दोन संध्याकाळी फोनवर लिस्टा तपासत बसले. शेवटी सांगलीला गेले तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर, ज्यावर मीच लिनक्स मिंट टाकून दिलं होतं, टर्मिनल उघडून 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवलं. 'करंट डीएनएस सर्व्हर' या ओळीपुढे चक्क ८.८.८.८. मामेभावाने 'सेफ्टीसाठी' भरून ठेवलं होतं.

सकाळ-दुपारचा उलगडाही तिथेच झाला. सिस्टमडी-रिझॉल्व्ड, म्हणजे लिनक्समधली डीएनएसला पत्ते विचारणारी सेवा, सुरुवात पहिल्या पत्त्यापासून करतो. त्या पत्त्याने एकदा उत्तर चुकवलं की तो दुसऱ्याकडे वळतो आणि तिथेच राहतो. दुसरा चुकत नाही तोवर परत फिरत नाही. मामांचा पाय माडीवर वायफायवर चालत होता. वायफाय दिवसातून एखाद्या वेळी क्षणभर सुटायचं, तेवढं पुरे व्हायचं. सकाळी लॅपटॉप नव्याने सुरू झालेला, म्हणून सगळं छान, आणि जेवणं होईतो गाडी ८.८.८.८ वर गेलेली. बाकीच्या सिस्टिम्सचे नियम आणखी वेगळे. काही दोन्हीकडे विचारतात आणि आधी येईल ते उत्तर घेतात. 'दुसरा म्हणजे फक्त राखीव' असं कुणीही कबूल केलेलं नाही.

यावर माझी सवय अशी: दुसरा रकाना रिकामा. राउटर रिकामा ठेवू देत नसेल तर तिथेही पाय-होलचाच पत्ता. आणि खरोखर राखीव हवा असेल तर दुसरा पाय-होल. एखादा जुना पाय किंवा कोपऱ्यातला जुना पीसी त्याला भरपूर होतो. शिवाय हे यंत्र केबलने राउटरला जोडा. घरभराचा डीएनएस वायफायवर टांगायचा नाही, यात माझ्याकडे सवलत नाही.

तपासायचं असेल तर एकच नाव दोनदा विचारा. 'डिग' या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडला आधी अॅटच्या खुणेपुढे पाय-होलचा पत्ता देऊन डबलक्लिक.नेट विचारा, मग पत्ता न देता तेच विचारा. दोन्हीकडे ०.०.०.० आलं तर उत्तम. पहिल्यात शून्यं आणि दुसऱ्यात खराखुरा पत्ता आला, तर तुमचं यंत्र दुसऱ्याच कुणाला तरी विचारतंय. लिस्टेला हात लावायचं कारण नाही.

तोच आजार, वेगळी रूपं

दुसरा रकाना रिकामा केला तरी गळती थांबत नसेल, तर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत, बघा. आपल्याकडच्या घरगुती कनेक्शनांवर ते सर्रास चालू असतं, आणि राउटर आयपीव्ही६ वरून आपलाच डीएनएस पत्ता घरभर जाहीर करत राहतो. लॅपटॉपच्या डीएनएस यादीत अपूर्णविरामांनी भरलेला एखादा लांबलचक पत्ता दिसला आणि तो पाय-होलचा नसला, तर चोर सापडला. राउटरमध्ये ती जाहीर करण्याची सोय बंद करता येते का पाहा, किंवा तिथे पाय-होलचाच आयपीव्ही६ पत्ता भरा. कंपनीने दिलेल्या राउटरांत बरेचदा हे दोन्ही कुलूपबंद असतं. मग मी घराच्या बाजूचं आयपीव्ही६ बंद करते. जाणकारांना हे आवडत नाही, ठाऊक आहे, पण अर्धवट चालणाऱ्या पाय-होलपेक्षा मला ते बरं वाटतं.

अँड्रॉइड फोनवर नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे कुणी एखाद्या सेवेचं नाव भरून ठेवलं असेल तर तो फोन तुमच्या पाय-होलला ओळखतसुद्धा नाही. फायरफॉक्सचं 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस', म्हणजे ब्राउझरने परस्पर बाहेर पत्ते विचारणं, तसंच. आपोआप चालू झालेलं असेल तर पाय-होल त्याला गप्प करतो, पण तुम्ही स्वतः जाऊन चालू केलं असेल तर तुम्हालाच बंद करावं लागेल.

पोर्ट ५३ अडलंय म्हणून दिसेल ते उपटणं

उबुंटू लिनक्सवर पाय-होल टाकताना कधी कधी 'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं. कारण साधं आहे. सिस्टमडी-रिझॉल्व्ड आधीपासून १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ (डीएनएसचे प्रश्न याच दारातून येतात) धरून बसलेला असतो. नवशिक्या माणूस कुठलासा व्हिडिओ बघतो, ती सेवाच बंद करतो आणि कुठल्या डीएनएसला विचारायचं ते लिहिलेली रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल पुसून टाकतो. मग त्या यंत्रालाच कुठलं नाव सापडेना, लिस्टा उतरेनात, आणि मला निरोप येतो की पाय-होल बिघडला. तो बिघडलेला नसतो. सेवा चालू राहू द्या. रिझॉल्व्ड.कॉन्फ फाइलमध्ये 'डीएनएसस्टबलिसनर' नो करा, रिझॉल्व्ह.कॉन्फची लिंक रन फोल्डरातल्या सिस्टमडी-रिझॉल्व्हच्या खऱ्या फाइलकडे वळवा, सेवा पुन्हा सुरू करा. दोन बदल, बस्स. आणि कुठलीही फाइल पुसण्याआधी तिची प्रत घ्या. घाई असलेल्यांनी तर दोन घ्याव्यात.

घड्याळ न बघणं

हे जवळजवळ कुणीच लिहीत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

एका वर्षी गणपतीला आम्ही कुडाळला गेलो. निघताना नेहमीप्रमाणे घराचा मेन स्विच बंद केला. अकरा दिवसांनी रात्री परतलो, स्विच चालू केला, आणि घरात एकाही फोनवर इंटरनेट नाही. लेकीला बाराच्या आत कॉलेजची असाइनमेंट अपलोड करायची होती. राउटरचे सगळे दिवे हिरवे. पायचा दिवाही नेहमीसारखा लुकलुकत होता. नेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग केलं तर उत्तर येत होतं, पण नावाने काही म्हणजे काही उघडेना. 'डिग' केलं की 'सर्वफेल', म्हणजे सर्व्हरला उत्तर देता आलं नाही. शेवटी 'डिग'ला अधिक सीडी हा पर्याय जोडला, म्हणजे उत्तरांवरच्या सह्या तपासू नकोस असं सांगितलं, आणि उत्तर झटकन आलं.

तेव्हा 'डेट' चालवलं. पडद्यावर तारीख होती आम्ही घर सोडलं त्या दिवसाची, वेळ दुपारी दीडच्या सुमाराची.

माझ्या पायवर पाय-होलच्या मागे अनबाउंड हा स्वतः पत्ते शोधणारा डीएनएस सर्व्हर चालतो आणि तो डीएनएससेक, म्हणजे उत्तर खरं असल्याच्या डिजिटल सह्या, तपासतो. त्यातल्या प्रत्येक सहीला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ मध्ये ते आहे, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वीज गेली की पाय शेवटची नोंदलेली वेळ घेऊनच जागा होतो. त्यामुळे ताज्या सह्या त्याला पुढच्या तारखेच्या, म्हणजे खोट्या वाटल्या आणि त्याने सगळ्या नाकारल्या. एरवी घड्याळ नेटवरून आपोआप जुळतं. पण वेळेच्या सर्व्हरचंही नावच लिहिलेलं असतं. घड्याळ लावायला नाव शोधायचं, नाव शोधायला सही तपासायची, सही तपासायला घड्याळ बरोबर हवं. किल्ली आत आणि दार बंद, अशी गत.

त्या रात्री तारीख हाताने घातली, अनबाउंड पुन्हा सुरू केला, मिनिटभरात सगळं ताळ्यावर. असाइनमेंट पावणेबाराला गेली. दुसऱ्या दिवशी दोन कायमचे उपाय केले. घड्याळ जुळवणाऱ्या सेवेच्या टाइमसिंकडी.कॉन्फ फाइलमध्ये नावाऐवजी आकडी पत्ते घातले, गूगलच्या वेळ-सर्व्हरचे २१६.२३९.३५.० आणि २१६.२३९.३५.४, म्हणजे घड्याळ लावायला डीएनएसची गरजच उरत नाही. आणि डीएस३२३१ हे छोटं घड्याळाचं मॉड्यूल पायच्या पिनांवर बसवलं, त्यात नाण्याएवढा सेल असतो. 'मग डीएनएससेकच बंद करा ना' असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. बंद करून त्रास लपतो, आणि खोट्या उत्तरांपासून मिळणारं संरक्षण त्याच्यासोबत जातं. तो सल्ला मी कुणालाही देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

यूट्यूबच्या जाहिराती डीएनएसने जात नाहीत. व्हिडिओ ज्या नावांवरून येतो त्याच नावांवरून त्या येतात. याबद्दल मला विचारू नका.

होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे यंत्रातल्या नाव-पत्त्यांच्या यादीत, ताऱ्याची खूण चालत नाही. एक डोमेन त्याच्या सगळ्या पोटनावांसकट अडवायचं असेल तर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर किंवा पाय-होलचा रेजेक्स (नमुन्यावरून नावं अडवणारा नियम) वापरा.

पाय-होलला पक्का पत्ता द्या. तो बदलला की घरभराचं इंटरनेट गेलं.

पहिल्याच दिवशी चाळीस लिस्टा टाकू नका. सुरुवातीला येते ती एकच लिस्ट महिनाभर चालवा. लिस्टा वाढवल्या की एखाद्या दिवशी बिल भरायचं पान अडतं, आणि कुठल्या लिस्टेने अडवलं ते शोधायला क्वेरी लॉग, म्हणजे विचारलेल्या नावांची नोंद, वाचावा लागतो. तो वाचायची सवय नसलेले लोकच चाळीस लिस्टा टाकतात, हा माझा अनुभव आहे.

बाहेरूनही पाय-होल वापरता यावा म्हणून राउटरवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर पोर्ट ५३ जगाला उघडं करू नका. ही एकच चूक अशी आहे, जिचा त्रास तुमच्यापेक्षा दुसऱ्यांना जास्त होतो. मार्च २०१३ मध्ये स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेवर सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटचा मारा झाला, तो असल्याच उघड्या डीएनएस सर्व्हरांच्या खांद्यावरून. बाहेरून हवं असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा सुरक्षित बोगदा, लावा आणि त्यातून घरात या. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

आणि तुम्ही घरी नसताना घरच्यांनी काय करायचं ते लिहून ठेवा. आमच्या फ्रिजवर चिठ्ठी आहे: पाय-होलच्या पानाचा पत्ता, 'डिसेबल, पाच मिनिटं' कुठे दाबायचं ते, आणि त्याखाली लेकीच्या अक्षरात, 'तरीही नाही चाललं तर तारीख बघा.'