जुन्या गाडीत रास्पबेरी पाय : कमी खर्चात संगणक, पण आधी विजेची सोय

दहा-बारा वर्षं जुन्या अल्टो, वॅगनआर किंवा स्विफ्टमध्ये नकाशा, गाणी आणि इंजिनचे आकडे एकाच पडद्यावर हवे असतील, तर रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक पुरेसा आहे. बोर्ड आणणं आणि सॉफ्टवेअर टाकणं हे एका सुट्टीच्या दिवसाचं काम. अशा जोडण्या थोड्या दिवसांत रुसतात त्या विजेमुळे. चावी फिरवताच संगणक पुन्हा सुरू होतो, मेमरी कार्ड खराब होतं, किंवा सोमवारी सकाळी गाडीच सुरू होत नाही. म्हणून खालच्या मजकुरात निम्मी जागा विजेलाच दिली आहे, आणि खर्चातही हात आखडायचा असेल तर तो पडद्यावर आखडावा, वीजपुरवठ्यावर नाही.

काय आणायचं

पाय ४ चं २ जीबीचं मॉडेल बास झालं. पाय ५ वेगवान आहे, पण त्याला ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा पुरवठा हवा. तसा पुरवठा आहे हे त्याला कळलं नाही, तर तो यूएसबीचा प्रवाह ६०० मिलिअँपिअरवर रोखतो. शिवाय त्यावर ३.५ मिमीचा आवाजाचा जॅकही नाही. गाडीसाठी ४ च बरा.

पडदा ७ इंची, ८०० बाय ४८० चा. रास्पबेरी पायचा असा अधिकृत पडदा बाहेरून १९४ बाय ११० मिमी भरतो आणि डबल डिनचा, म्हणजे डॅशबोर्डमधला मोठ्या स्टिरिओचा, खाचा साधारण १८० बाय १०० मिमी असतो. त्यामुळे तो खाच्यात आत जात नाही, फ्रेमवर टेकवून बसवावा लागतो. दिसणारा भाग १५५ बाय ८६ मिमी आहे, म्हणजे काही झाकलं जात नाही. जुन्या अल्टोसारख्या गाडीत सिंगल डिनचाच, म्हणजे निम्म्या उंचीचा, खाचा असेल, तर स्टँडवर लावा, डॅशबोर्ड कापत बसू नका.

बाकीचं सामान असं: एलएम२५९६एचव्ही चिपचं व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल, १२ व्होल्टचा ऑफ-डिले टायमर रिले (इशारा थांबल्यावर ठरावीक वेळाने वीज तोडणारा स्विच), ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि होल्डर, १.५केई२४ए टीव्हीएस डायोड, पीसी८१७ ऑप्टोकपलर, २.२ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर, १एन४१४८ डायोड, एक पुशबटण, १ चौरस मिमीची ऑटो वायर, ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून इंजिनचे आकडे वाचणारा) आणि यूएसबी जीपीएस. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सुटे भाग मिळतात. बोर्ड आणि पडदा सोडले, तर बाकीचं सगळं मिळून खर्च फार होत नाही. मल्टिमीटर नसेल तर तो आधी घ्या. त्याच्याशिवाय हे काम हाती घेऊच नका.

गाडीतली वीज १२ व्होल्टची नसते

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. स्टार्टर फिरताना तेच ९ व्होल्टपर्यंत, थकलेल्या बॅटरीवर त्याहूनही खाली येतात. उलट, अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची क्लिप ढिली झाली तर क्षणभर कितीतरी मोठा झटका येतो. टीव्हीएस डायोड हा झटका साधारण ३३ व्होल्टवर अडवतो. एलएम२५९६ ची एचव्ही आवृत्ती ६० व्होल्टपर्यंत सोसते, म्हणून तीच घ्यायची. एमपी१५८४ ची छोटी, स्वस्त मॉड्यूल्स २८ व्होल्टपुरतीच असतात, ती गाडीत नकोत. ५ व्होल्ट बाहेर मिळायला एलएम२५९६ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात, तेव्हा बॅटरी ठीक असेल तर स्टार्टरच्या वेळीही तो तग धरतो.

काही जण या पडझडीवर मोठा कपॅसिटर हा उपाय सांगतात. हिशेब करून बघा. १२ व्होल्टकडून १ अँपिअर खेचला जातोय आणि एक सेकंदात व्होल्टेज ४ ने खाली चालेल असं धरलं, तरी पाव फॅरड लागतो. दोन-चार हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काही मिलिसेकंद सांभाळेल, त्यापुढे नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. बऱ्याच गाड्यांत चावी स्टार्टला नेली की ऍक्सेसरीची लाईन, म्हणजे चावीबरोबर चालू-बंद होणारी स्टिरिओची वीज, पूर्ण तुटते. संगणक फक्त त्या लाईनवर असेल तर तो दर वेळी मरणारच, मॉड्यूल कितीही चांगलं असो. म्हणून मुख्य वीज कायम चालू असलेल्या वायरवरून घ्यायची आणि ऍक्सेसरीची लाईन केवळ इशाऱ्यापुरती वापरायची.

जोडणी

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढा. बाजारातल्या स्टिरिओच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, पिवळी वायर कायमची, लाल ऍक्सेसरीची, काळी अर्थची असते. पण कंपनीच्या मूळ हार्नेसचे रंग वेगळे असू शकतात. रंगावर विसंबू नका, मीटर लावून बघा: चावी काढल्यावरही १२ व्होल्ट दाखवते ती कायमची. मोजण्यापुरती बॅटरी परत जोडा, मोजून झालं की पुन्हा काढा. मूळ वायरी कापण्यापेक्षा आपल्या मॉडेलचा कपलर ऍक्सेसरीच्या दुकानातून आणा, म्हणजे उद्या सगळं काढून पूर्ववत करता येतं. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या जाड जुडग्यांना हातसुद्धा लावू नका, ती एअरबॅगची असतात.

कायमच्या वायरवर, ती जिथून घेतली तिथून वीतभर अंतराच्या आत, ५ अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज संगणकाला वाचवत नाही, वायरीला वाचवतो, त्यामुळे तो संगणकाजवळ लावून उपयोग नाही. फ्यूजनंतर वायर टायमर रिलेच्या कॉन्टॅक्टमधून एलएम२५९६ कडे जाते. मॉड्यूलच्या इनपुटवर प्लस आणि अर्थच्या मध्ये टीव्हीएस डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. ऍक्सेसरीची वायर टायमरच्या ट्रिगरला. टायमर ६० सेकंदांवर ठेवा: चावी बंद झाल्यावर मिनिटभर वीज राहते आणि मग पूर्ण तुटते. अर्थ स्टिरिओच्याच अर्थ पॉइंटवर घ्या, दुसरीकडे नाही. कारण आवाजाच्या भागात येईल.

मॉड्यूल हातात आलं की त्यावर किती व्होल्ट लावून ठेवलेत ते कुणालाच माहीत नसतं, कधी ९ असतात, कधी १२. पाय न जोडता स्क्रू फिरवून ५.१ व्होल्टवर आणा, मग स्क्रूवर गरम गोंदाचा थेंब टाका, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर तो आपोआप सरकतो. नंतर २ अँपिअरच्या भारावर अर्धा तास टेबलावर चालवून बघा. बाजारात नकली एलएम२५९६ भरपूर आहेत. ते भाराखाली बोट ठेववणार नाही इतके तापतात आणि व्होल्टेज सोडून देतात. चिपवर हीटसिंक लावाच.

५ व्होल्टची वायर ३० सेंटिमीटरहून लांब नको. स्वस्त यूएसबी केबलमधल्या वीजवायरी २८ गेजच्या असतात. अशा एका मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.४३ ओहम, म्हणजे २ अँपिअरवर ०.८५ व्होल्ट वाटेतच जातात. ५.१ चे पायपर्यंत ४.२५ उरतात आणि पाय ४.६३ च्या आसपासच तक्रार करायला लागतो. लांबी १२ व्होल्टच्या बाजूला वाढवा, मॉड्यूल संगणकाला चिकटून ठेवा.

चावी बंद झाल्याचं संगणकाला कळवणं

पायच्या पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून मध्ये ऑप्टोकपलर: तो दोन बाजू वायरीने न जोडता आतल्या एलईडीच्या उजेडाने इशारा पलीकडे पोचवतो. ऍक्सेसरीची वायर २.२ किलोओहममधून पीसी८१७ च्या एलईडीला द्या. सुमारे ५.७ मिलिअँपिअर जातात, तेवढे पुरतात. एलईडीच्या दोन टोकांवर उलट दिशेने १एन४१४८ लावला की उलट्या झटक्यांपासून तो वाचतो. पलीकडच्या बाजूचा कलेक्टर जीपीआयओ १७ ला, म्हणजे ११ नंबरच्या पिनला, आणि एमिटर ९ नंबरच्या अर्थ पिनला. पायमधला पुलअप, म्हणजे इशारा नसताना पिन एकवर ठेवणारा रेझिस्टर, चालू ठेवा. चावी चालू असेल तर पिन शून्यावर, बंद झाली की एकवर.

पायथॉनच्या जीपीआयओझीरो लायब्ररीने दहा ओळींत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, होते: दर सेकंदाला पिन वाचा, सलग १० सेकंद एकवर राहिली तर शटडाउन द्या, मध्येच शून्यावर आली तर मोजणी पहिल्यापासून. ही १० सेकंदं महत्त्वाची आहेत. स्टार्टर मारताना ऍक्सेसरी तुटते तेव्हा पिन एक-दोन सेकंद वर जाते आणि लगेच शटडाउन दिलं तर सगळी मेहनत वाया जाते. शटडाउनला १५-२० सेकंद धरले तरी टायमरच्या ६० सेकंदांत ते आरामात बसतं.

एक फट मात्र राहते. पेट्रोल भरायला गाडी बंद केली, संगणक झोपला आणि मिनिट पूर्ण व्हायच्या आत चावी पुन्हा फिरवली, तर रिले सुटलेलाच नसतो. वीज आहे पण संगणक बंदच. त्यासाठी पुशबटण ५ आणि ६ नंबरच्या पिनांमध्ये लावा आणि हाताशी येईल असं बसवा. बंद अवस्थेतला पाय ते दाबल्यावर जागा होतो.

मेमरी कार्ड आणि सॉफ्टवेअर

रास्पबेरी पाय ओएस टाका. ऑफलाइन नकाशासाठी नॅव्हिट आणि ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा, गाण्यांसाठी कोडी. घाटात नेटवर्क जातं तेव्हा ऑफलाइन नकाशाची किंमत कळते. जीपीएस पुढच्या काचेजवळ ठेवा, पत्र्याच्या छताखाली खोल नको. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, पण जीपीएसकडून वेळ घ्यायला जीपीएसडी आणि क्रोनी हे प्रोग्रॅम लावले की वेगळं घड्याळ लागत नाही.

सगळं मनासारखं झालं, ब्लूटूथची जोडी जमली, की रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. त्यानंतर कार्डवर काही लिहिलं जात नाही आणि वीज अचानक गेली तरी कार्ड शाबूत राहतं. गाणी आणि नोंदी पेनड्राइव्हवर ठेवा. ओव्हरले चालू असताना केलेला कोणताही बदल पुन्हा सुरू केल्यावर नाहीसा होतो, तेव्हा बदल करायचा तर आधी तो बंद करा. फक्त गाणी आणि नकाशा हवा असेल आणि स्टार्टरच्या वेळी संगणक पुन्हा सुरू होणं चालत असेल, तर रिले आणि ऑप्टोकपलर वगळून, वीज ऍक्सेसरीच्या लाईनवरूनच घेऊन, नुसत्या ओव्हरलेवरही निभावतं. सर्वांत स्वस्त वाट तीच.

इंजिनचे आकडे

स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असेल तर ब्लूटूथ अडॅप्टर लावा. जोडीचा आकडा बहुधा १२३४ किंवा ००००. या अडॅप्टरमधल्या ईएलएम३२७ चिपच्या नकलांपैकी २.१ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच नगांत काही आज्ञा चालतच नाहीत. दुकानातच फोनवर तपासून घ्या. पायथॉन-ओबीडी लायब्ररी बाकीचं बघते. उत्तर पडताळायचं असेल तर ०५ क्रमांकाच्या आज्ञेला आलेल्या उत्तरातून ४० वजा केले की कूलंटचं तापमान मिळतं. ०सी मध्ये दोन बाइट येतात: पहिला गुणिले २५६, अधिक दुसरा, भागिले ४, म्हणजे आरपीएम. जुन्या गाडीत कूलंटच्या तापमानावर लक्ष असणं हा या जोडणीचा सर्वांत मोठा फायदा, काट्यावर दिसण्याआधी बदल आकड्यात दिसतो.

या सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, त्यामुळे अडॅप्टर चावी काढल्यावरही जागाच राहतो. ४० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर काढून ठेवा.

आवाज आणि उष्णता

पाय स्टिरिओच्या ऑक्सला (बाहेरच्या आवाजाच्या जॅकला) जोडल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर तो ग्राउंड लूप. संगणक आणि स्टिरिओ यांचे अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी असले की होतो. अर्थ एकाच पॉइंटवर आणा. तरी राहिला तर ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. पायच्या स्वतःच्या जॅकमधून बारीक खरखर येते, साधं यूएसबी साउंड कार्ड लावलं की ती जाते.

मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डला हात लाववत नाही. पाय ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे आणि चिप ८० अंशांला पोचली की वेग कमी करतो. म्हणून बोर्ड डॅशबोर्डच्या माथ्यावर कधीच नको. ग्लोव्हबॉक्समागे किंवा सीटखाली, हीटसिंक आणि पंख्यासह ठेवा. सीटखाली ठेवलात तर पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी तिथे येतं, तेव्हा तळापासून वर उचलून बसवा. लिथियम सेलवर चालणारे यूपीएस बोर्ड गाडीत वापरू नका, इतक्या उष्णतेत ते धोकादायक ठरतात. चालकाला दिसेल असा व्हिडिओ गाडी चालू असताना लावू नका.

शेवटची तपासणी

गाडी अर्धा तास चालवून टर्मिनलमध्ये vcgencmd get_throttled ही आज्ञा चालवा. उत्तर 0x0 यायला हवं. 0x50000 म्हणजे सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडलं, 0x50005 म्हणजे आत्ताही पडलेलंच आहे. वायर जाड करा किंवा मॉड्यूल बदला.

मग चावी काढा, दोन मिनिटं थांबा आणि फ्यूजच्या जागी मीटर लावून आपल्या जोडणीचा प्रवाह मोजा. टायमरचे २० मिलिअँपिअरपर्यंत चालतील. पाव अँपिअरच्या आसपास दिसला तर रिले सुटलेला नाही आणि संगणक जागाच आहे. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या गतीने तीन दिवसांत अर्धी होते.