कोकणातली राय बघायला जायचंय? आधी वाडीत जा

आमच्या कुडाळ-कणकवलीकडे देवराईला नुसतं ‘राय’ म्हणतात. रत्नागिरीकडे सरकलात की तीच ‘देवरहाटी’ होते. दोन्ही म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. देव कुठं सातेरी, कुठं रवळनाथ, कुठं वेतोबा, तर कुठं वाघजाई. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या या राया अभ्यासल्या, तेव्हापासून शहरातल्या माणसांनाही त्यांचं कुतूहल वाटायला लागलं. हल्ली तर दर दिवाळीच्या सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं, ‘तुमच्या गावची ती देवराई बघायला येऊ का?’ या की. पण कसं यायचं ते एकदा सविस्तर सांगतो.

राय शोधायची कशी

नावाजलेलीच राय हवी असा हट्ट नको. कोकणात बऱ्याच गावांना आपापली राय आहे, फार तर लहान-मोठी. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा. फिकट काजूबागा आणि तांबूस सडा (कातळाचं उघडं पठार) यांच्या मध्येच एखादा काळपट हिरवा, गच्च ठिपका दिसेल. त्याच्या पोटाशी व्हाळ, म्हणजे ओढा असेल आणि मधोमध देवळाचं छप्पर, तर ती राय असण्याचा संभव फार. छप्पर दिसलंच नाही म्हणून सोडून देऊ नका. काही देवांना छप्पर चालत नाही. झाडाखाली नुसता पाषाण असतो, नाहीतर वारूळ. सातेरी बऱ्याच ठिकाणी वारुळाच्या रूपात पुजली जाते.

वेगळंच काही बघायचं असेल तर दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची राय आहे. तिथं रानजायफळांची दलदल आहे आणि चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं दिसतात. या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. तिथं गावच्या माणसाशिवाय पाऊल टाकू नका. त्या मुळांवर पाय पडला तर झाडाचा श्वासच तुटतो.

केव्हा

पहिल्यांदा येत असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पायवाटा सुकलेल्या असतात आणि जळवा गेलेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सातवीण फुलते, तिचा वास संध्याकाळी डोक्यात चढतो. फेब्रुवारी-मार्चात सुरंगीच्या फांद्या फुलांनी भरतात आणि धनेशांची घरटी लागतात. मेमध्ये करवंदं, जांभळं, तोरणं, पण उकाडा सोसणार असाल तरच. पावसाळ्यात राय सगळ्यात सुंदर असते हे खरं. तरी नवख्यानं तेव्हा येऊ नये असं माझं मत आहे.

कार्तिक-मार्गशीर्षात गावोगाव जत्रा असतात, रात्रभर दशावतार रंगतो. तो जरूर बघा. झाडं बघायला मात्र दुसरा दिवस ठेवा.

पोचायचं आणि पहिलं विचारायचं

कोकण रेल्वेनं कुडाळ, कणकवली किंवा सावंतवाडी रोडला उतरा. पुढं एसटी किंवा रिक्षा. आडगावात संध्याकाळी पोचणारी वस्तीची गाडी सकाळी लवकर परत निघते, त्यामुळे राहायची सोय आधी फोनवर पक्की करा. रेंज अनेक वाड्यांत मिळत नाही. कुठल्या गावात, कुणाकडे उतरणार ते घरी लिहून ठेवा.

गाडी थेट रायीच्या तोंडाशी नेऊन लावणं ही सगळ्यात सर्रास चूक. आधी वाडीत थांबा. खळ्यात कुणी बसलेलं असेल, ते विचारणारच, ‘खंयसून इल्यात?’ (कुठून आलात?) हा प्रश्न म्हणजे चौकशी नव्हे, आपली ओळख लावून घेणं असतं. सरळ उत्तर द्या आणि गुरवाचं घर विचारा. गुरव नसतील तर मानकऱ्यांपैकी कुणी. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या: चपला कुठं काढायच्या, फोटो कुठपर्यंत चालतात आणि कुणी कुठं जायचं नाही. काही रायांत आतल्या भागात बायकांना जाऊ देत नाहीत. तुम्हाला ते पटेल किंवा नाही पटणार (मला पटत नाही), पण ते आत शिरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नारळ घेऊन गेलात तर गुरव गाऱ्हाणं घालतील, म्हणजे तुमच्या वतीनं देवाला मोठ्यानं विनवतील. प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. लाजू नका, मोठ्यानं म्हणा. पूर्वी झाड तोडायचं म्हटलं तरी देवाला कौल लावायचे. पाषाणाला तांदूळ किंवा पाकळ्या चिकटवून कुठल्या बाजूची आधी पडते ते बघायचं. कौल मिळाला नाही की कुऱ्हाड घरी. आता देवळाच्या जीर्णोद्धारालाच रायीतले वृक्ष विकलेले मी पाहिलेत. गारगार मातीच्या जागी लादी आणि वर पत्र्याचा मंडप. त्यावर गावात बोलायला जाऊ नका, पाहुण्याचा तो अधिकार नाही. माझं मी बोलून घेतो.

आत

सकाळी सातच्या सुमारास शिरा. कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पायात घोटा झाकणारे बूट, आणि चपला काढायच्या जागेपासून पुढं अनवाणी. तिथून नजर जमिनीवर ठेवायची. कोकणात फुरसं भरपूर. हातभर लांबीचं, जांभ्याच्या रंगाचं, डिवचलं तर अंग घासून खर्रखर्र आवाज करतं. दगड उलटायचे नाहीत, ढोलीत हात घालायचा नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष तिथंच मिळतं, भगताकडे नाही.

पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं डोक्याच्या उंचीवर असतं, तिकडेही लक्ष असू द्या. हिवाळ्यात वाळलेल्या शेंगांची खाजकुयरी वाऱ्यानंसुद्धा अंगाला लागते. लागली तर चोळायचं नाही. शेण किंवा ओली माती थापायची, वाळली की खरवडायची, मग धुवायचं. गावठी उपाय आहे, पण कुसं निघतात.

आता मुख्य काम: बसायचं. वीस-पंचवीस मिनिटं, एका जागी, न बोलता. माणसं रायीत चालत सुटतात आणि दहा मिनिटांत पलीकडे बाहेर पडून म्हणतात, ‘एवढीच?’ हो, एवढीच. काही राया दोन-चार गुंठ्यांच्याही असतात. बसलात की आधी गारवा कळतो, मग पाचोळ्यातली खसफस, मग उजेड. वर बघा. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण यांचे शेंडे एकमेकांत गेलेले. खाली मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल या झाडावरून त्या झाडावर. तिची शेंग हातापेक्षा लांब असते, आतली गुळगुळीत बी बघून पोरांचे हात शिवशिवतात. मध्येच काजऱ्याची नारिंगी फळं दिसतील. आपल्याला विष, पण धनेश गर मजेत खातो.

या धनेशाला आमच्याकडे ककणेर म्हणतात. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फटीएवढी जागा ठेवते, आणि नर तिला आणि पिल्लांना त्या फटीतून भरवतो. पोकळ, म्हातारं झाड लागतं त्याला, आणि तसं झाड आता रायीतच उरलंय. ढोली सापडली तर लांबूनच दुर्बिणीनं बघा. तुम्ही खाली उभे असलात तर नर चोचीत फळ घेऊन दुसऱ्या झाडावर ताटकळतो आणि आत मादी उपाशी. घरट्याची जागा कुठंही टाकायची नाही, फोटोसकट.

रायीतून काही न्यायचं नाही. पडलेली काटकीसुद्धा नाही. कॉलेजात असताना आम्ही चौघं रायीच्या कडेला चहा करायला बसलो. मी आतून चार वाळक्या फांद्या आणल्या. वाटेनं गवताचा भारा घेऊन एक म्हातारी चालली होती. थांबली, भारा उतरवला आणि म्हणाली, ‘झिला, देवाचा लाकूड चुलीत घालूचा नाय. ता परत ठेवन ये.’ मी गेलो, फांद्या होत्या तिथं ठेवल्या. परत आलो तर तिनं आपल्या भाऱ्यातल्या दोन काटक्या काढून चुलीपाशी ठेवल्या होत्या.

बाहेर पडलात की पाण्यामागून चाला

रायीच्या खालच्या अंगाला बहुधा झरा किंवा बाव (विहीर) असते. तिथून पाट निघतो, तो माड-पोफळींच्या बागेत जातो, बागेतून मळ्यांत. हीच वाट धरा. राय का राखली याचं देवाखेरीज दुसरं उत्तर या पाण्यात आहे. बांधावरून चालायचं, मळ्यात उतरायचं नाही. बेडं (वाटेवरचं बांबूचं फाटक) उघडलंत तर मागं लावा, नाहीतर गुरं तरव्यात (भाताच्या रोपांत) शिरतात आणि शिव्या पुढच्या पाहुण्याला बसतात. पायाला जखम असेल तर शेतातल्या साचल्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते.

दुपारच्या आत जेवायच्या घरी पोचा. आदल्या दिवशी सांगितलं असेल तर उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी मिळेल. पैसे विचारून द्या, घासाघीस नको.

ऊन उतरल्यावर सड्यावर जा. मालवण तालुक्यात असाल तर कुडोपीची कातळशिल्पं बघता येतील. राजापुरात बारसू आणि देवाचे गोठणे आहेत. या सगळ्या जागा २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू ओढणारे महाभाग भेटतात. त्यापेक्षा संध्याकाळी जा. तिरप्या उजेडात त्या आपोआप उठून दिसतात.

परतल्यावर

आंघोळीआधी काखा, जांघा, कानामागं गोचीड आहे का बघा. दोडामार्ग आणि बांदा भागात २०१६-१७ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा ताप गोचिडीमुळे होतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा जोराचा काळ. त्या दिवसांत तिकडे जाणार असाल तर आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळतं का विचारा, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी सिंधुदुर्गात रानात गेलो होतो.’ मुंबई-पुण्यात ते तुम्हाला विचारतीलच असं नाही.