इंडोनेशियाच्या नौदलाचा अभ्यास कसा करावा

परक्या देशाच्या नौदलावर टिपण लिहायचे म्हटले की संरक्षणशास्त्राचे बहुतेक विद्यार्थी प्रथम जहाजांची यादी जमवतात, तिची शेजाऱ्यांच्या यादीशी तुलना करतात आणि त्यावरून बलाबल ठरवून मोकळे होतात. इंडोनेशियाच्या बाबतीत ही पद्धत हमखास दिशाभूल करते. हे नौदल एकाच वेळी युद्धदल आहे आणि समुद्रावरचे पोलीसदलही आहे. त्याची रचना शत्रूच्या ताफ्यापेक्षा स्वतःच्या भूगोलाने अधिक ठरवली आहे. म्हणून अभ्यासाचा क्रम उलटा ठेवावा: आधी नकाशा, मग कायदा, मग आदेशाची साखळी आणि जहाजे सर्वांत शेवटी.

नकाशा समोर घेताना पश्चिमेला सुमात्राच्या टोकावरचे सबांग आणि पूर्वेला पापुआतले मेराउके ही दोन ठिकाणे शोधावीत. त्यांच्यामधले अंतर पाच हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि त्या पट्ट्यात सतरा हजारांहून अधिक बेटे विखुरलेली आहेत. डच राजवटीतल्या 1939 च्या नियमानुसार प्रत्येक बेटाभोवती फक्त तीन सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र, म्हणजे देशाच्या सार्वभौमत्वाखालचा किनाऱ्यालगतचा पट्टा, मोजला जाई, त्यामुळे जावा आणि बोर्निओ यांच्यामधला समुद्रही बव्हंशी कोणालाही मुक्त होता. 13 डिसेंबर 1957 रोजी पंतप्रधान जुआंदा यांच्या सरकारने बेटांमधले सारे पाणी देशाचाच अविभाज्य भाग असल्याचे घोषित केले. या भूमिकेला जगाची मान्यता मिळायला 1982 चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार व्हावा लागला. त्या कराराने ‘द्वीपसमूह राष्ट्र’ ही संकल्पना स्वीकारली, पण त्याबरोबर परकीय जहाजांना बेटांमधून जाण्यासाठी सागरी मार्ग खुले ठेवण्याची अटही घातली.

हे मार्ग नकाशावर पेन्सिलीने अवश्य आखावेत. पहिला सुंदा सामुद्रधुनीतून करिमाटामार्गे दक्षिण चीन समुद्राकडे जातो, दुसरा लोंबोक सामुद्रधुनीतून मकास्सारमार्गे उत्तरेकडे जातो आणि तिसरा पूर्वेकडे बांदा व मालुकू समुद्रांतून अनेक फाट्यांनी जातो. 2002 च्या शासकीय नियमावलीने ते निश्चित झाले. या मार्गांवरून परकीय युद्धनौका आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे पाणबुड्या पाण्याखालूनही, जाऊ शकतात. स्वतःच्याच घरातून जाणाऱ्या या वाहतुकीवर नजर ठेवणे, हे या नौदलाचे रोजचे काम आहे. एकदा या तीन रेषा आखल्या की नौदलाचे तीन ताफे कुठे आणि का आहेत, याचे निम्मे उत्तर मिळते.

दुसरा टप्पा कायद्याचा. सशस्त्र दलांविषयीच्या 2004 च्या 34 क्रमांकाच्या कायद्यातील नववे कलम नौदलाची कामे सांगते. समुद्री संरक्षण, राष्ट्रीय अधिकारक्षेत्रातील कायद्याची अंमलबजावणी व सुरक्षा, परराष्ट्र धोरणाला पाठबळ देणारी नौदल-राजनीती, सागरी सामर्थ्याची उभारणी आणि सागरी संरक्षणक्षेत्राचे सबलीकरण अशी ती पाच कामे आहेत. यांतल्या दुसऱ्या कामावर विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे, कारण बातम्यांत दिसणारे इंडोनेशियाचे नौदल बहुतेक वेळा हेच काम करत असते: बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटी अडवणे, तस्करी रोखणे आणि सामुद्रधुन्यांतल्या सशस्त्र लुटीला आळा घालणे.

या कामात नौदल एकटे नाही, आणि गोंधळ इथेच होतो. 2014 मध्ये स्थापन झालेली बाकाम्ला ही सागरी सुरक्षा संस्था, परिवहन मंत्रालयाचे तटरक्षक पथक, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय मंत्रालयाची गस्ती जहाजे आणि सीमाशुल्क विभाग या सर्वांना समुद्रावर काही ना काही अधिकार आहेत. एखाद्या बातमीतले जहाज कोणाचे हे ओळखण्यासाठी नावाआधीची अक्षरे पाहावीत. ‘केआरआय’ म्हणजे इंडोनेशिया प्रजासत्ताकाची युद्धनौका, ‘केएएल’ म्हणजे नौदलाचीच छोटी गस्ती नौका, ‘केएन’ म्हणजे बाकाम्ला किंवा परिवहन मंत्रालयाचे जहाज, तर ‘बीसी’ म्हणजे सीमाशुल्क विभागाचे. केवळ क्रमांकावर विसंबू नये. बाकाम्लाच्या ‘तांजुंग दातू’ या जहाजाचा क्रमांक 301 आहे, आणि नौदलात तीनशेच्या मालिकेतले क्रमांक फ्रिगेट व त्याहून लहान कॉर्व्हेट या युद्धनौकांचे असतात. अक्षरे न पाहणारा वाचक गस्ती जहाजाला फ्रिगेट समजून बसतो.

कायद्याचा हा भाग नीट समजला की नाही, हे तपासायला दक्षिण चीन समुद्राच्या दक्षिण टोकाकडील नातुना बेटांचे उदाहरण घ्यावे. डिसेंबर 2019 मध्ये चिनी मासेमारी बोटी चिनी तटरक्षक जहाजांच्या सोबतीने नातुनाच्या उत्तरेकडील समुद्रात आल्या. इंडोनेशियाने तिथे युद्धनौका आणि बाकाम्लाची जहाजे पाठवली आणि 8 जानेवारी 2020 रोजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः नातुनाला गेले. तो समुद्र इंडोनेशियाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे प्रादेशिक समुद्रापलीकडच्या पट्ट्यात, मोडतो. तिथे मासे आणि खनिजे यांवर त्या देशाचा हक्क आहे, पण परकीय जहाजांना नुसती ये-जा करण्याची मनाई त्याला करता येत नाही. त्यामुळे युद्धनौका जवळ राहतात, पाठलाग करतात, इशारे देतात. ‘घुसखोरी’ हा शब्द टिपणात वापरण्याआधी घटना प्रादेशिक समुद्रातली आहे की आर्थिक क्षेत्रातली, हे पाहून घ्यावे.

आता संघटना. सर्वोच्च पदी नौदलप्रमुख असतो, पण युद्धात वा मोहिमेत दले वापरण्याचा अधिकार तिन्ही दलांच्या सरसेनापतीकडे असतो. नौदलप्रमुखाची जबाबदारी माणसे, जहाजे आणि प्रशिक्षण तयार ठेवण्याची. ही विभागणी विसरली की कोणाचे विधान किती वजनाचे, हे कळत नाही. प्रत्यक्ष जहाजे ताफ्यांकडे असतात. 1985 पासून पश्चिम आणि पूर्व असे दोनच ताफे होते. 2018 मध्ये तिसरा ताफा पापुआच्या पश्चिम टोकाला सोरोंग येथे उभा राहिला. दुसरा ताफा सुराबायाला आहे, आणि पहिल्याचे मुख्यालय जकार्ताहून सिंगापूरजवळच्या तांजुंगपिनांगला हलवण्यात आले. या तिघांवर एक एकत्रित ताफा-कमान (कमांड) 2022 मध्ये नेमण्यात आली. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणम या आपल्या तीन कमानींशी तुलना करण्याचा मोह मराठी वाचकाला होईल, पण कोची ही मुख्यतः प्रशिक्षणाची कमान आहे, तर इंडोनेशियाचे तिन्ही ताफे लढाऊ आहेत.

ताफ्यांइतकाच महत्त्वाचा, पण दुर्लक्षित भाग म्हणजे तळांची उतरंड. मोठे तळ, त्यांच्याखाली छोटे तळ आणि दूरच्या बेटांवर मूठभर जवानांच्या चौक्या. एवढ्या पसरलेल्या देशात इंधन, पाणी आणि दुरुस्ती यांशिवाय कोणतेही जहाज फार दिवस गस्त घालू शकत नाही, म्हणून या जाळ्याचा नकाशा जहाजांच्या यादीपेक्षा अधिक बोलका असतो. 2025 मध्ये मोठ्या तळांची चौदा प्रादेशिक नौदल कमानींमध्ये पुनर्रचना झाली, त्यामुळे त्याआधीच्या लेखांतली ‘लांतामाल’ (मोठा नौदल तळ) ही संज्ञा जुनी समजावी. याखेरीज सैन्य आणि साहित्य बेटाबेटांत नेणारी सागरी वाहतूक कमान, जलसर्वेक्षण केंद्र आणि नौदलाची हवाई शाखा आहे. 15 नोव्हेंबर 1945 ही स्थापनातिथी मानणारे मरीन दलही, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे दलही, नौदलाचाच भाग आहे आणि त्याची तीन मोठी पथके जकार्ता, सुराबाया व सोरोंग परिसरात आहेत.

मग जहाजांकडे वळावे. क्रमांकाच्या पहिल्या अंकावरून प्रकार कळतो: चारशेच्या मालिकेत पाणबुड्या, पाचशेमध्ये सैन्य उतरवणारी जहाजे, सहाशेमध्ये वेगवान क्षेपणास्त्र नौका, सातशेमध्ये पाणसुरुंग शोधणाऱ्या नौका, आठशेमध्ये गस्ती नौका आणि नऊशेमध्ये साहाय्यक जहाजे, ज्यांत ‘डॉ. सुहार्सो’ हे 990 क्रमांकाचे रुग्णालय-जहाजही येते. नावांनाही शिस्त आहे. पाणबुड्यांना पुराणातल्या अस्त्रांची, फ्रिगेटना राष्ट्रवीरांची, पाणसुरुंगविरोधी नौकांना बेटांची नावे मिळतात. नावे निरुपद्रवी नसतात, हेही नोंदवावे. 1965 मध्ये सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड हाउसमध्ये बॉम्बस्फोट करून फाशी गेलेल्या दोन मरीन जवानांचे, उस्मान आणि हारून यांचे, नाव 2014 मध्ये एका युद्धनौकेला देण्याचे ठरले तेव्हा सिंगापूरने तीव्र आक्षेप घेतला होता.

जहाजांच्या आकड्यांपाशी वय जरूर लिहावे. 1990 च्या दशकात पूर्व जर्मनीची 39 जुनी जहाजे एकदम विकत घेतली गेली. त्यांनी संख्या वाढली, पण देखभालीचा भारही तेवढाच वाढला. 21 एप्रिल 2021 रोजी बालीच्या उत्तरेस ‘नांगला’ ही 402 क्रमांकाची पाणबुडी बुडाली आणि तिच्यावरच्या 53 जणांपैकी एकही वाचला नाही. ती जर्मनीत बांधलेली आणि चाळिशीला आलेली पाणबुडी होती. त्याच वर्षी नौदलात दाखल झालेली ‘अलुगोरो’ ही पाणबुडी मात्र कोरियन सहकार्याने सुराबायाच्या पीटी पाल या सरकारी गोदीत जोडली गेली. या दोन पाणबुड्या समान मानून ‘एकूण पाणबुड्या’ असा एक आकडा देणे अभ्यासकाला शोभत नाही.

भारताचा संबंध टिपणात यायलाच हवा. अंदमान-निकोबार आणि सुमात्राच्या उत्तर टोकावरचा आचे प्रांत यांच्यामधल्या समुद्रसीमेवर दोन्ही नौदले 2002 पासून समन्वित गस्त घालतात, आणि 2018 पासून ‘समुद्र शक्ती’ हा द्विपक्षीय सरावही होतो. या गस्तीत प्रत्येक देशाची जहाजे आपापल्या बाजूनेच फिरतात, म्हणून तिला संयुक्त मोहीम म्हणू नये. शेवटी, संघटनेविषयीच्या प्रत्येक विधानाला वर्ष जोडावे. 2018, 2022 आणि 2025 अशा तीन फेररचना थोड्याच काळात झाल्या आहेत, त्यामुळे वर्ष नसलेला संघटना-तक्ता वापरू नये.