आतड्यांचा दाह: औषधांच्या जोडीला घरी काय करावे

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दाहाचे दोन मुख्य आजार वर्षानुवर्षे सोबत राहतात. आहार आणि दिनचर्या सांभाळल्यास त्रास बराच कमी होतो. परंतु बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांचे औषध मनाने बंद करू नये. आपल्याकडे आतड्यांचा क्षयरोग पुष्कळदा क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून आधी दुर्बिणीची तपासणी करून निदान पक्के करून घ्यावे.

त्यानंतर एक वही घालावी. रोज काय खाल्ले, शौचास किती वेळा झाले, रक्त पडले का, पोट केव्हा दुखले, हे तारखेसह लिहावे. संशय आलेला पदार्थ एका वेळी एकच थांबवून पाहावा. सगळेच एकदम सोडले तर नेमके काय बाधते ते कळत नाही.

आजार उसळलेला असताना ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि हुरडा बाजूला ठेवून मऊ भात, मुगाचे पातळ वरण, साल-बिया काढून शिजवलेला दुधी, पिकलेले केळे आणि चालत असल्यास उकडलेले अंडे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. दूध सोसत नसेल तर ताजे ताक घेऊन पाहावे.

हे पथ्य मात्र तेवढ्यापुरतेच ठेवावे. अनेक घरांत मायेपोटी रुग्णाला वर्षभर वरणभातावरच ठेवतात, मग वजन उतरते आणि अशक्तपणा वाढतो. आजार शांत झाला की चाळलेल्या पिठाच्या आंबिलीपासून सुरुवात करून हळूहळू भाकरी आणि शिजवलेल्या पालेभाजीकडे यावे. आतडे अरुंद झाले असेल तर चोथ्याचे पदार्थ डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची तपासणीही अधूनमधून करावी.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि जुलाब होत असताना नुसते पाणी पुरत नाही. उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे.

क्रोन्समध्ये बिडी-सिगारेटने आजार बळावतो, म्हणून ती सोडणे फार महत्त्वाचे आहे. शेतातून आल्यावर अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही आजार उसळवू शकते. पुरेशी झोप, सकाळचे चालणे आणि प्राणायाम यांनी ताण हलका होतो.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, नाडी जलद होणे किंवा पोट फुगून दुखणे, यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.