१०८ वरून पुढे जायचंय? तयारी गाडीवर असतानाच सुरू करा

१०८ च्या रुग्णवाहिकेवर पाच-सहा वर्षं काढलेल्या माणसाचा बायोडाटा उघडला, तर अनुभवाच्या रकान्यात बहुधा एकच ओळ असते: हुद्दा आणि ‘अमुक साल ते आजपर्यंत’. त्या ओळीखाली हजारो कॉल गाडलेले असतात, पण मुलाखत घेणाऱ्याला ते दिसत नाहीत. या क्षेत्रात काम येत नाही म्हणून फारसं कुणाचं अडत नाही. केलेलं काम कागदावर नसतं, म्हणून अडतं. आणि तो कागद राजीनाम्यानंतर तयार होत नाही. ड्युटीवर असतानाच, निदान वर्षभर आधीपासून तो जमवावा लागतो.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ताफा ९३७ गाड्यांचा होता: २३३ एएलएस (प्रगत उपचारांची साधनं असलेल्या) आणि ७०४ बीएलएस (प्राथमिक उपचारांच्या). इथे गाडीवर डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि सोबत पायलट, म्हणजे चालक. गोव्यात आणि इतर बऱ्याच राज्यांत डॉक्टरऐवजी ईएमटी, म्हणजे तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ, असतो. खासगी हॉस्पिटलांच्या गाड्यांवरही तसंच. त्यामुळे डॉक्टर, ईएमटी आणि पायलट या तिघांच्या पुढच्या वाटा वेगळ्या आहेत. तयारी मात्र बरीचशी सारखीच.

राजीनामा रात्रपाळीनंतर लिहू नका

बारा तासांच्या सलग चार रात्री झाल्या की नोकरी सोडावीशी वाटणारच. आधी हक्काची रजा टाकून सलग आठ-दहा दिवस घरी राहा आणि झोप नीट भरून काढा. तरीही बेस लोकेशनचं, म्हणजे गाडी उभी राहते त्या जागेचं, नाव काढलं की पोटात गोळा येत असेल, तर बदलाचा विचार खरा आहे. झोप भरल्यावर मन ताळ्यावर आलं, तर हवी आहे ती वेगळी पाळी, वेगळं लोकेशन किंवा वेगळा जोडीदार. लहान मुलाची केस, जळीत, ओळखीच्या माणसाचा मृतदेह यानंतर झोपच उडाली असेल, तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

केसची वही

शंभर पानी वही घ्या. पीसीआर, म्हणजे प्रत्येक पेशंटच्या नोंदीचा फॉर्म, कंपनीकडे जमा होतो, तो तुमचा नाही, आणि त्याचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवणं चूक आहे. वहीत पेशंटचं नाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर यांपैकी काहीही लिहायचं नाही. प्रत्येक केसला चार ओळी पुरतात (जीसीएस म्हणजे शुद्धीची पातळी, एसपीओटू म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, लाइन म्हणजे शिरेत लावलेली आयव्ही, एनएस म्हणजे सलाइन):

‘१४ तारीख, रात्र. दुचाकी घसरली, पुरुष, अंदाजे ३०. जीसीएस १४, बीपी १००/६०, नाडी ११८, एसपीओटू ९४. कॉलर, स्पाइन बोर्ड, डाव्या मांडीला स्प्लिंट, मास्कने ऑक्सिजन १० लिटर, १८ नंबरची एक लाइन, एनएस चालू. स्वतः केलं: लाइन, स्प्लिंट. घटनास्थळी १४ मिनिटं. जिल्हा रुग्णालयात हँडओव्हर.’

‘स्वतः केलं’ हे सगळ्यांत महत्त्वाचं. दोघांनी मिळून केलेलं काम वहीत आपल्या एकट्याच्या नावावर चढवलं, की मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

महिनाअखेरीस बेरीज मांडा: ट्रॉमा किती, छातीत दुखणं किती, गाडीत झालेली बाळंतपणं किती, सर्पदंश आणि विषबाधा किती, हॉस्पिटल ते हॉस्पिटल शिफ्टिंग किती, त्यांत व्हेंटिलेटरवरचे किती. शक्य असेल तर त्या बेरजेवर सुपरवायझरची तारखेसह सही घ्या. वर्षभराच्या बारा बेरजा झाल्या की बायोडाट्यातली ती एक ओळ बदलते. ‘१०८ वर कार्यरत’ याऐवजी ‘१२ महिन्यांत इतक्या केसेस, त्यांपैकी इतके ट्रॉमा, व्हेंटिलेटरवरचे इतके शिफ्टिंग, स्वतः लावलेल्या आयव्ही लाइन इतक्या’ असं लिहिता येतं. आकडा छोटा असला तरी चालेल, पण खरा असावा.

प्रमाणपत्रं आणि शरीराचे कागद

बीएलएस (इथे सीपीआरचा प्राथमिक कोर्स) आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या प्रगत उपचारांचा कोर्स) यांचं कार्ड दोन वर्षं चालतं. मुदत संपायला तीन महिने उरले असतानाच पुन्हा करा, कारण मुलाखतीच्या आठवड्यात कोर्सची तारीख मिळत नाही आणि संपलेलं कार्ड म्हणजे कार्ड नसल्यातच जमा.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात. डोस घेतले, पण टायटर (लस लागू पडली का याची रक्ततपासणी) केलं नाही, असे लोक पुष्कळ. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासा आणि १० च्या वर आलेला रिपोर्ट फाइलला लावा. बाहेर नोकरी शोधताना तो बऱ्याचदा मागतात.

सुई टोचली, तर जागा साबण-पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात धरू नका. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावी. ७२ तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. त्याच दिवशी लेखी अपघात अहवाल द्या आणि त्याची पोच स्वतःजवळ ठेवा. कंबरेचंही तसंच. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना पाठीत चमक भरली, ती ‘होईल बरी’ म्हणून अंगावर काढली आणि दोन वर्षांनी गादी सरकल्याचं निघालं, तर ते ड्युटीवर झालं हे सिद्ध करायला हातात काहीच नसतं. ईएसआयची (कामगार विमा योजनेची) वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. तुम्ही त्यात बसत असाल, तर कामावरच्या इजेचा लाभ मिळतो, पण अहवाल हवा.

डॉक्टरांसाठी

सगळ्यांत जवळची वाट खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीची किंवा आयसीयूत आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून. पुण्यात सिम्बायोसिसचा इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसमधला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. तो असेल तर तिथे वजन पडतं. दुसरी वाट उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची. बीएएमएसना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करावा लागतो. मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर अवलंबून असतो, म्हणून घरखर्चाचा हिशेब फक्त ठरलेल्या भागावर मांडा. काम धावपळीचं नाही, पण नोंदींचं आहे: एनसीडी (मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांच्या) तपासण्या, पोर्टल, अहवाल. लिहिण्याचा कंटाळा असलेल्याने इकडे वळू नये.

तिसरी वाट आरोग्य विम्याची. टीपीए (विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्था) आणि विमा कंपन्यांना मुंबई, ठाणे, पुण्यात क्लेम तपासायला बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर लागतात. डिस्चार्ज समरी वाचून ‘हा पेशंट खरंच तातडीचा होता का’ हे ओळखायची नजर तुमच्याकडे आधीच आहे. एक्सेल मात्र शिकून जा. सुरुवातीचा पगार फार वाढेल अशी आशा धरू नका. मिळतं ते रात्रीची झोप आणि रविवार.

कारखान्यांबाबत एक गैरसमज पसरलेला आहे. ५०० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे एमआयडीसीत जागा निघतात, हे खरं. पण औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच हा कोर्स एमबीबीएससाठी आहे. बीएएमएसला ‘ॲडमिशन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

ईएमटींसाठी

आधी स्वतःचा डिप्लोमा तपासा. गल्लीतल्या ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’चं सहा महिन्यांचं रंगीत सर्टिफिकेट आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाचं किंवा राज्य कौशल्य मंडळाचं प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावानिशी आहे. म्हणजे पुढे नोंदणीला महत्त्व येणार. डिप्लोमा कच्चा असेल, तर नोकरी करता करता मान्यताप्राप्त कोर्स आत्ताच लावून घ्या.

कॅज्युअल्टी टेक्निशियन, कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात तो विभाग), मॅरेथॉन आणि शूटिंगवरचं मेडिकल कव्हर, समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवरचा मेडिक असे पर्याय आहेत. शेवटच्यासाठी हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं याचं प्रशिक्षण लागतं. पोहायला येत नसेल तर आधी ते शिका. शिकवण्याची आवड असेल, तर बीएलएसचा इन्स्ट्रक्टर होणं ही चांगली जोडवाट आहे: प्रोव्हायडर कार्ड, मग इन्स्ट्रक्टर कोर्स, मग ट्रेनिंग सेंटरच्या देखरेखीखाली एक वर्ग घेऊन दाखवायचा.

पायलटसाठी

लायसनवरच्या ट्रान्स्पोर्टची मुदत पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाला फॉर्म १-ए चं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. डोळे आधी तपासून घ्या. ड्युटीवर अपघात होऊन गुन्हा दाखल झाला असेल, तर त्याचा निकाल काय लागला तो कागद कोर्टातून काढून ठेवा. नवीन नोकरीत पोलीस पडताळणी तिथेच अडकते. आणि दोन-तीन वर्षं डॉक्टरच्या बरोबरीने स्ट्रेचर उचललं, सीपीआर दिला असेल, तर ईएमटी-बेसिकचा मान्यताप्राप्त कोर्स करा. गाडी चालवून पेशंटही सांभाळणारा माणूस छोट्या हॉस्पिटलांना हवाच असतो. वयाच्या पंचेचाळिशीनंतर फ्लीट सुपरवायझर हे जास्त शहाणपणाचं. त्यासाठी सर्व्हिसिंग, टायर, डिझेल यांच्या नोंदी आत्तापासून स्वतः ठेवायला लागा.

कॅज्युअल्टीच्या मुलाखतीत काय विचारतात

पाठांतरापेक्षा हातचं काम बघतात. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) छातीचे दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, छाती पूर्ण वर येऊ द्यायची. इथे १०८ वाले सहसा चुकत नाहीत. चुकतात ते ॲम्बू बॅगला, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीला. चालत्या गाडीत घाईने बॅग दाबायची सवय लागलेली असते. नाडी आहे पण श्वास नाही अशा मोठ्या माणसाला सहा सेकंदाला एक श्वास पुरे आणि छाती उचलली की दाबणं थांबवायचं. जास्त दिला की हवा पोटात जाते, उलटी होऊन फुप्फुसात उतरते आणि छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं.

ऑक्सिजनचं गणित हमखास येतं. सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले दाब म्हणजे आत उरलेले लिटर. बी टाइपची क्षमता १० लिटर. भरलेला १५० बारचा असेल, तर १५०० लिटर. काटा ५० वर आला आणि पेशंट १० लिटरवर आहे, तर किती वेळ? ‘५० मिनिटं’ म्हणणारा चुकतो, कारण शेवटचे १५ बार हिशेबात धरायचे नसतात. ३५ गुणिले १०, म्हणजे ३५० लिटर, म्हणजे ३५ मिनिटं.

मग हँडओव्हर. ‘सर, आरटीए (रस्ता अपघात) आहे, बीपी लो आहे’ हे हँडओव्हर नव्हे. वहीतली तीच केस अशी सांगा: ‘चाळीस मिनिटांपूर्वी दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं. डावी मांडी मोडल्यासारखी, डोक्यावर बाहेरून जखम नाही. जीसीएस १४, बीपी १००/६०, नाडी ११८, एसपीओटू ९४. कॉलर, स्प्लिंट, ऑक्सिजन, १८ नंबरची लाइन, एनएस चालू.’ कसं झालं, काय लागलं, आकडे, काय केलं, याच क्रमाने, अर्ध्या मिनिटात.

नोकरी लागल्यावर पहिले दोन महिने जड जातात, त्याचं कारण वेगळंच आहे. गाडीवर पेशंट तासाभरात सुटतो. इथे तोच पेशंट आणि त्याचे नातेवाईक आठ तास समोर असतात आणि प्रत्येक औषधाची वेळेसकट नोंद मागितली जाते.

आखाती देश

दुबई, सौदीसाठी परवान्याची परीक्षा आणि कागदांची मुळापासून पडताळणी असते. पडताळणी करणारी डेटाफ्लो ही कंपनी तुमच्या जुन्या मालकाला थेट विचारते. अनुभवपत्रावर हुद्दा, पूर्णवेळ की अर्धवेळ, रुजू आणि सोडल्याची तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि कंपनीचा अधिकृत ईमेल हवा. जीमेलचा पत्ता असलेलं पत्र अडकतं. दोन वर्षांपेक्षा जास्त खंडही अडचणीचा. आणि बीएएमएस ही पॅरामेडिकची पदवी नाही. तिच्या जोरावर तिथे ॲम्ब्युलन्सवर लावतो असं सांगणाऱ्याकडून ते लेखी मागा, म्हणजे तो पुन्हा फोन करणार नाही.

निघताना

नवीन नोकरीचं नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. तो ईमेलने पाठवा आणि कागदावरही द्या, पोचेचा शिक्का घ्या. नोटिशीचे दिवस स्वतःच्या नेमणूकपत्रातून मोजा, सहकाऱ्याच्या सांगण्यावरून नाही. शेवटच्या ड्युटीला मॉनिटर, डिफिब, सक्शन, सिलिंडर, औषधांचा साठा असं सगळं नंबरासह लिहून पुढच्या माणसाची सही घ्या. नाहीतर महिन्याभराने हरवलेल्या पल्स ऑक्सिमीटरचे पैसे तुमच्या हिशेबातून कापले जातात.

पीएफ काढू नका, वर्ग करा. निवृत्तिवेतनासाठी १० वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचा भाग काढला की मोजलेली वर्षंही जातात. ठेकेदार बदलतो तेव्हा कधी कधी नवीनच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) उघडला जातो. दोन यूएएन असतील तर आधी ते एक करून घ्या. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही, तर पीएफ वर्ग होत नाही. नोकरी सोडून दोन महिने झाले, की ईपीएफओच्या पोर्टलवर ती तारीख तुम्ही स्वतः भरू शकता. आधार मोबाइलला जोडलेलं असलं की ओटीपीवर काम होतं.