संकेतस्थळाचे ग्राहक वाढवताना

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी पाठ्यपुस्तके घेऊन ती संकेतस्थळावरून विकणाऱ्याने जाहिरातीवर पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी, आलेला ग्राहक खरेदी न करता कोणत्या पानावरून परत जातो, हे पाहावे. त्यासाठी संकेतस्थळावरच्या भेटींची मोजदाद करणारे गूगल अ‍ॅनालिटिक्स पुरेसे आहे. मात्र तो का गेला, हे आकडे सांगत नाहीत. ते कळण्यासाठी पाच जणांना त्यांच्याच मोबाइलवर एक पुस्तक मागवायला सांगावे आणि आपण शेजारी गप्प बसावे, जे पुणेकराला जरा जडच जाते. बहुतेक अडचणी पाच जणांतच उघड्या पडतात, असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० मध्ये मांडले होते. घरपोच पाठवण्याचा खर्च शेवटच्या पानावर अचानक दिसला की अंगठा थबकतो. तो खर्च किमतीशेजारीच लिहावा.

लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत येतात, हे गूगल सर्च कन्सोलमध्ये विनामूल्य दिसते. ते ‘आठवी सेमी गणित जुने पुस्तक’ असे शोधत असतील, तर पानाचे शीर्षकही तसेच असावे. शाळा जूनच्या मध्यास उघडतात, म्हणून प्रचार मे महिन्यातच करावा. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत परवानगीनेच मजकूर टाकावा आणि प्रत्येक गटाला वेगळा सवलतीचा कोड द्यावा, म्हणजे ग्राहक कोठून आला ते समजते.

पुस्तक पोहोचल्यावर ‘मागवताना कोठे अडलात?’ एवढेच विचारावे. एकच तक्रार तिसऱ्यांदा आली की दुरुस्ती करून ती तक्रार करणाऱ्या तिघांनाही तसे कळवावे.